मुंबईत राहायचं की मुंबईला जायचं?

माजी_डोंबिवलीकर

जन्मापासून डोंबिवलीत. त्यातली शेवटची सतरा वर्षं मस्जिद बंदरच्या एका पेढीत हिशेब लिहिण्यात गेली. २०१९ मध्ये चिपळूणला आलो. आता लोटे एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. कंपनीची बस आहे आणि तिच्यात बसायला जागा असते. एवढं एक वाक्य लिहायलासुद्धा अजून बरं वाटतं.

डोंबिवलीत होतो तोवर मुंबईचा मनापासून राग यायचा. सकाळी प्लॅटफॉर्मवर आलेली गाडी आपली नसायचीच, कल्याणहून भरूनच यायची. म्हणून आम्ही चौघं आधी डाउन गाडीने कल्याणला जायचो आणि तिथून सुटणारी गाडी बसून पकडायचो. म्हणजे कामाला जायचं दक्षिणेला आणि दिवसाची सुरुवात उत्तरेला जाऊन. संध्याकाळी तोच प्रकार उलटा. मस्जिदहून मागे सीएसटीला जायचं, कारण मस्जिदला गाडीत पाय ठेवता यायचा, बूड नाही. सीएसटीच्या इमारतीला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलं. त्या वर्षी मी रोज तिच्या पोटातच असायचो. पण मान वर करून बघायचो ते फक्त इंडिकेटरकडे.

आता वर्षातून तीन-चारदा जातो. रात्रीची कोकणकन्या. खरं तर ठाण्याला उतरलं तर डोंबिवली जवळ. आई आणि दादा तिथेच आहेत. पण मी दादरला उतरतो. अजून उजाडलेलं नसतं आणि पश्चिमेला पुलाखालचा फुलबाजार मात्र ऐन भरात असतो. झेंडूची पोती उलटी करतात तेव्हा फुलांचा आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास येतो, तो दुसरीकडे कुठे आलेला नाही. खांबाला टेकून एक बाई शेवंतीच्या वेण्या करत असते. हात वेणीवर आणि तोंड शेजारच्या पानवाल्याशी भांडणात (खायच्या नव्हे, केळीच्या). मी कटिंग घेऊन बाजूला उभा राहतो. कुठे पोचायचं नसतं. मग सावकाश डाउन गाडी पकडायची, रिकाम्या डब्यात खिडकीशी बसायचं आणि समोरून जाणाऱ्या भरलेल्या अप गाड्या बघत घरी जायचं. दुपारी कधी म्युझियम, कधी एशियाटिकच्या पायऱ्या, संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक.

आणि मुंबई प्रचंड आवडते! सतरा वर्षं जिला शिव्या दिल्या तीच. सोबत थोडी लाजही वाटते, कारण त्या अप गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं कालपर्यंत मीच होतो.

माझ्यापुरतं उत्तर ठरलंय, ही जायची जागा आहे, राहायची नाही. तुम्हाला काय वाटतं? फक्त ते 'मुंबई स्पिरिट' कृपया कुणी काढू नका.

कट्टर_गिरगावकर

मुळात एक दुरुस्ती. डोंबिवली ठाणे जिल्ह्यात येते. तुम्ही मुंबईत राहिलातच कधी? सतरा वर्षं तुम्ही मुंबईला जातच होतात, फक्त रोज. आता वर्षातून चारदा जाता. फरक फेऱ्यांचा आहे, राहण्याचा नाही.

मी गिरगावात तिसऱ्या पिढीचा. सकाळी चौपाटीवर चालतो आणि दहा मिनिटांत चर्चगेटला चालत ऑफिसात. लोकलमध्ये वर्षातून पाच वेळा बसत असेन. मला मुंबईचा त्रास काय होतो ते कुणीतरी सांगा.

माजी_डोंबिवलीकर

चौपाटीवरून चर्चगेट दहा मिनिटांत? धावत जाता का?

बाकी दुरुस्ती मान्य, पण तुमच्याच वाड्यांतली निम्मी बिऱ्हाडं आमच्या इमारतीत होती. मुलांची लग्नं झाली, दोन खोल्या पुरेनात, पागडीची जागा सोडून आली. ती माणसं मरेपर्यंत 'आम्ही गिरगावातले' म्हणायची आणि गणपतीत दर्शनाला वाडीत जायची. त्यांनाही विचारा, ती राहत होती की जात होती.

कट्टर_गिरगावकर

वीस मिनिटं. ठीक आहे, पंचवीस.

पर्वती_पायथा

शिस्तीत सांगायचं तर हा प्रश्न १ जून १९३० रोजीच निकालात निघाला. त्या दिवशी डेक्कन क्वीन सुरू झाली. सकाळी जावं, काम उरकावं, संध्याकाळी त्याच गाडीने कटलेट खात घाट चढून घरी यावं. मुंबईचा उपयोग एवढाच.

अकरा_महिने

वरच्या प्रतिसादाला उत्तर देत नाही, दुपारी एक ते चार झोपेची वेळ असेल.

धागाकर्त्याशी अर्धा सहमत. मी अकोल्याचा, नऊ वर्षं मुंबईत, तीही नकाशातल्या मुंबईत, गिरगावकरांनी नोंद घ्यावी. सध्या कांजूरमार्गला वन आरके. भाडं बावीस हजार, डिपॉझिट लाखभर. दर अकरा महिन्यांनी करार संपला की घरमालक भाडं वाढवतो, नाहीतर पुतण्याचं लग्न ठरल्याचं सांगतो. एकाच मालकाच्या पुतण्याचं दोनदा ठरलं. मग ब्रोकरला परत एक महिन्याचं भाडं, टेम्पो, गॅसचा पत्ता बदलणं. माझ्याकडे फ्रिजचं मूळ खोकं आहे. नऊ वर्षांत फेकलेलं नाही, दरवेळी लागतं.

पण मला वेगळंच सांगायचंय. या नऊ वर्षांत राणीची बाग मी एकदा पाहिली, बहीण मुलांना घेऊन आली होती तेव्हा. घारापुरीला एकदा, मामा आले होते. कान्हेरीला एकदा, तेही मामांमुळेच. मामांनी अकोल्याहून निघताना यादी करून आणली होती. शंभराहून जास्त लेणी आहेत हे मला त्यांनी सांगितलं, आणि मी बोरिवलीला तेव्हा दीड वर्ष राहत होतो. पाहुणे आले की मला मुंबई दिसते, ते गेले की परत कांजूरचा पूल दिसतो.

तेव्हा धागाकर्ते म्हणतात ते खरं असेल. पण त्यावर चिपळूणला जाणं हा उपाय नाही, मामांना जास्त वेळा बोलावणं हा आहे.

कृष्णाकाठची

मला हा सगळा धागा पुरुषांचा वाटतोय. रागावू नका, पण वाटतोय.

मी मूळची कराडची. २०११ साली मुंबईत आले, अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दुसऱ्या पाळीला रात्री दहाला सुटते. अंधेरीहून विरार गाडी, लेडीज डबा. त्या वेळी डब्यात एक पोलीस असतो, दारापाशी दोघीतिघी, आत एखादी पिशवीतली गवार निवडत असते, म्हणजे घरी जाऊन थेट फोडणीला. क्लिपा आणि टिकल्या विकणारी मुलगी शेवटची फेरी मारते आणि मग स्वतःच सीटवर पाय घेऊन झोपते. मीही झोपते. भाईंदरची खाडी आली की वाऱ्याने जाग येते आणि मग अजून दोन स्टेशनं. वसईहून रिक्षा. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये. साडेअकराला मी भात लावते आणि कुणालाही काही सांगावं लागत नाही.

कराडला स्टँडवर संध्याकाळी सातनंतर एकटी दिसले तर पहिला प्रश्न येतो, 'कुणाची गं तू?' मायेनेच विचारतात, खोटं कशाला बोलू. पण उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि उत्तर माझ्याआधी घरी पोचतं. मुंबईत डब्यात शिरल्यावर पहिला प्रश्न असतो, 'कुठे उतरणार?' वसई म्हटलं की संपलं. मला हा दुसरा प्रश्न आवडतो. त्याच्यासाठी मी गर्दी, भाडं, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, सगळं चालवून घेते.

आणि हे पाहुणी म्हणून मिळत नाही. मी सुट्टीत आत्याकडे ठाण्याला यायचे तेव्हाही 'कुणाची' हे सांगतच यायचे. इथे राहायला लागल्यावरच ते सुटलं.

तुम्ही पहाटे फुलबाजारात चहा घेऊन कारण नसताना उभे राहता. वहिनींना चिपळूणला पहाटे पाचला कारण नसताना कुठे उभं राहता येतं का, विचारलंत?

घाटकोपर_पूर्व

+१, शेवटच्या ओळीला तर +१००.

पर्वती_पायथा

मुद्दा बिनतोड आहे. पुण्यात मात्र कुणीही कुठेही उभं राहू शकतं. फक्त गाडी लावू नये.

शहापूरकडून

तुमचं राहणं आणि जाणं दोन्ही चालू दे. तिसरी एक गोष्ट आहे, ती कुणी बोललं नाही.

मी शहापूर तालुक्यातला. तानसा धरण आमच्याकडे, १८९२ सालचं. भातसा पण आमच्याच तालुक्यात. मुंबईच्या नळाला जे येतं त्यातलं सगळ्यात जास्त भातशाचं. पाइपलाइन आमच्या बाजूने जाते. मोठी आहे, पोरं तिच्यावरून चालतात. आणि एप्रिल-मे आला की धरणाच्या वरच्या पाड्यांवर टँकर येतो. बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीने हंडा भरतात. हे दरसालचं आहे, पेपरात फोटो येतात, तुम्ही बघितले असतील.

मी पण आठवड्याला मुंबईला जातो, आसनगावहून, भाजी घेऊन. मुंबई वाईट नाही. पैसा रोकड मिळतो, संध्याकाळी मोकळा. पण तिथं कोणी गॅलरीतून बादलीभर पाणी ओतून गाडी धुताना दिसला की माझं लक्ष भाजीवरून उडतं. तुम्ही जाता आणि परत येता. आमचं पाणी जातं ते जातंच.

कट्टर_गिरगावकर

हे गंभीर आहे, मान्य. पण धाग्याचा विषय तो नाही.

शहापूरकडून

विषय तोच आहे. एवढी माणसं एका जागी राहणार म्हटल्यावर ती राहतात कशावर, हे विषयाच्या बाहेर कसं?

कोळीवाडा_वरळी

राहायचं का जायचं हे ठरवायला दुसरीकडे गाव लागतं. कोकणवाल्यांना गाव आहे, घाटावरच्यांना आहे, अकोल्याला आहे. शाळेत मे महिन्यात अख्खा वर्ग गावाला जायचा. मी आईला विचारलेलं, आपलं गाव कुठे? ती म्हणाली, हेच. किल्ल्यापासून बंदरापर्यंत.

आमच्याकडे शनिवार-रविवारी कॅमेरे घेऊन लोक येतात, किल्ला बघायला, मागे सी-लिंक येतो म्हणून. सुकट वाळत घातलेली दिसली की नाकाला रुमाल लावून फोटो काढतात. येऊ देत. आई त्यांना जवळा विकते आणि भाव बाहेरच्यांचा लावते.

कोस्टल रोड झाला तेव्हा खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. होड्या कशा जाणार, विशेषतः वारा असताना? आमची माणसं पाण्यात होड्या आडव्या लावून बसली, काम थांबवलं. शेवटी १२० मीटर झालं. मागितलं होतं त्याहून कमीच. आता त्या रस्त्यावरून तुम्ही पाहुणे नरिमन पॉइंटला झटक्यात पोचता आणि मुंबई काय सुंदर दिसते म्हणता. दिसते सुंदर, मीपण बघतो. खालून, होडीतून.

अकरा_महिने

हा प्रतिसाद वाचून माझं फ्रिजचं खोकं एकदम क्षुल्लक वाटायला लागलं.

परभणी_४३१

रोज वाचतो, लिहीत नाही. पण 'मुंबईला जाणं' म्हणजे नाटक आणि म्युझियम असं सगळे धरून चाललेत म्हणून लिहितो.

वडिलांना घेऊन परळला टाटाला आलो होतो. आठ महिने. आधी काही रात्री बाहेर फुटपाथवर काढल्या, ताडपत्रीखाली, आमच्यासारखे पुष्कळ असतात. मग दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे बिहारचं एक कुटुंब शेजारी होतं, त्यांच्या मुलाला आणि माझ्या वडिलांना केमोची तारीख एकच यायची.

या आठ महिन्यांत मी मुंबईत राहत होतो की मुंबईला गेलो होतो, सांगता येत नाही. रेशनकार्ड परभणीचं, पण परळच्या चहावाल्याकडे खातं होतं. डबा देणाऱ्या मंडळींनी कधी गाव विचारलं नाही, आजार विचारला नाही, फक्त किती जण एवढं विचारलं. वर कृष्णाकाठच्या ताईंनी लिहिलंय ते मला पटलं.

वडील आता बरे आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतो. काम दुपारी संपतं, गाडी रात्रीची असते. मधला वेळ आम्ही दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पोरांचं क्रिकेट बघतो. वडिलांना ते फार आवडतं. गावी विचारलं की सांगतात, मुंबईला फिरायला गेलो होतो.

घाटकोपर_पूर्व

काका असेच दर सहा महिन्यांनी फिरायला येवोत.

रोजचा_अप

जरा धागाकर्त्याला टोचतो. चिपळूण म्हणजे स्वर्ग असं चाललंय. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने काय केलं? बाजारपेठ पाण्याखाली, माणसं छपरावर. तेव्हा कंपनीची बस आली होती का?

आणि दारात लटकलेल्यांबद्दल लाज वाटते म्हणे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं रुळांवर पडली, त्या सकाळी मी मागच्याच गाडीत होतो. गाडी उभी राहिली, कुणाला काही कळेना, मग फोन यायला लागले. प्रत्येकाला घरून एकच प्रश्न, तू कुठे आहेस. दुसऱ्या दिवशी परत तीच गाडी पकडली. हे काय स्पिरिट नाही, रजा शिल्लक नव्हती. खिडकीत बसून आमच्याकडे बघायचं आणि लाज वाटते म्हणून लिहायचं, याने आम्हाला काय मिळतं?

जायची जागा म्हणता. पण आम्ही राहतो म्हणून ती जायची जागा आहे हो. तुमचं नाटक संपल्यावर तिकीटबारी बंद करणारा, रंगमंच झाडणारा, तुमच्या फुलबाजारात पहाटे पोती उतरवणारा, हे सगळे शेवटच्या किंवा पहिल्या गाडीने कुठून येतात? तुमच्याच डोंबिवलीहून. नाहीतर त्याच्याही पलीकडून, टिटवाळ्याहून, बदलापूरहून.

माजी_डोंबिवलीकर

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, दोन दिवस सुचलं नाही.

रोजचा_अप, तुम्हाला काही उत्तर नाही. २०२१ ला आमच्या तळमजल्यावर पाणी पंख्यापर्यंत होतं. आम्ही वरच्या जोशांकडे दोन रात्री होतो. लिहिलं नाही, कारण धागा मुंबईचा होता. हेही तितकंसं खरं नाही. स्वतःचा निर्णय बरोबर होता हे सांगताना माणूस पूर वगळतो.

कृष्णाकाठच्या ताई, तुमचा प्रश्न घरी वाचून दाखवला. बायको डोंबिवलीला शिकवण्या घ्यायची. पंचवीस मुलं, दोन बॅचेस, वर तिच्या मैत्रिणींची भिशी. इथे ती घरी असते. तुमची शेवटची ओळ ऐकून ती म्हणाली, 'तू मुंबईला जातोस तेव्हा फुलबाजारात जातोस. मी गेले की संगीताकडे जाते. आपण एका शहराला जात नाही.' मग कुकर लावायला उठली. आमच्याकडे या विषयावर पुढे बोलणं झालेलं नाही, अजून होईल असं दिसतंय.

तर माझं 'उत्तर ठरलंय' हे वाक्य मागे घेतो. चिपळूणहून परत येणार नाही, तेही खोटं कशाला. गुडघे आणि रक्तदाब इथे बरे आहेत.

एक गंमत तेवढी सांगतो. लहानपणी आमच्याकडे गावाहून माणूस यायचा तो तांदूळ, कुळीथ, सोलं घेऊन. जाताना मुंबईहून फरसाण आणि जुने कपडे न्यायचा. आता तो माणूस मीच आहे. पिशवीत दहा किलो तांदूळ असतात आणि परत येताना दादा त्याचे न वापरलेले शर्ट भरून देतो. ऑफिसच्या ग्रुपवर मी टाकलं, 'शुक्रवारी रात्री मुंबईला जातोय.' आईला फोनवर म्हटलं, 'शुक्रवारी रात्री निघतोय, येतोय.' हा फरक मी ठरवून केला नव्हता, या धाग्यामुळे कानाला लागला.

आई म्हणाली, 'ये. आणि ते दादरला उतरून सकाळभर हिंडत बसू नकोस मागच्यासारखा, चहा गार होतो. ठाण्याला उतर.'

तिला दादरचं कुणी सांगितलं माहीत नाही. तिकीट दादरपर्यंतचं काढलेलं आहे.